इमोजी कुणाकडची?

"डब्याचं मला काही नाही गं," काकू म्हणाल्या. म्हणजे डब्याचंच होतं.

महिला मंडळाची प्रश्नमंजूषा झाली, त्यात प्रश्न आला की 'इमोजी' हा शब्द कशावरून आला. काकूंनी सांगितलं, जपानीवरून. परीक्षक बाईंच्या चिठ्ठीवर उत्तर लिहिलेलं होतं 'इमोशन'. काकूंचा गुण गेला आणि कडीचा स्टीलचा डबा पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींकडे गेला. तेव्हापासून त्या वहिनींचा विषय निघाला की काकू "बाई चांगल्या आहेत हो" एवढंच म्हणतात. आमच्या कॉलनीत याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

आमच्या दोन घरांच्या मध्ये तारेचं कुंपण आहे आणि त्यावर तोंडल्याचा वेल. तोंडली दोन्ही बाजूंनी तोडली जातात, बातम्याही.

"तू सांग. तुझा जन्म डीटीपीत गेला. माझं चुकलं का?"

"तुमचं बरोबर होतं, काकू."

"मग त्यांनी एवढं ठाम कसं लिहिलं?"

"पटण्यासारखं आहे म्हणून. हसरा चेहरा, रडका चेहरा, सगळा भावनांचा मामला. इमोशनमधलं 'इमो' तर समोर दिसतंय. पण ती सोयरीक खोटी आहे."

सोयरीक खोटी म्हटल्यावर काकूंनी परडी खाली ठेवली. एखाद्या नव्या सुनेबद्दल 'ही कुणाकडची?' असं विचारताना असतो तोच चेहरा. मग मीही ऐसपैस उभी राहिले.

"आपण तोडतो कुठे, बघा. इमो आणि जी. गुरुजी, पंतोजी, तसे इमोजी. जपानी माणूस तोडतो ए आणि मोजी. 'ए' म्हणजे चित्र. 'मोजी' म्हणजे अक्षर. चित्राचं अक्षर, एवढाच अर्थ. त्यात भावना नाही, राग नाही, लोभ नाही. तुमचा नातू पुण्यात जपानीच्या क्लासला जातो ना, त्याला विचारा. तो पहिल्या दिवसापासून कांजी कांजी करत असेल."

"करतो तर! मला वाटलं, पोट बिघडलंय."

"कांजी म्हणजे चिनी अक्षरं. त्यातली 'जी' आणि इमोजीतली 'जी' एकच, दोन्हीकडे अर्थ अक्षर. रोमन अक्षरांना ते रोमाजी म्हणतात, तिथेही तीच. आणि तो 'ए' पण तुम्ही पाहिलाय. मोठी निळी लाट आणि मागे छोटासा डोंगर असं चित्र असतं बघा, हल्ली पिशव्यांवर, मोबाइलच्या कव्हरांवर..."

"आमच्या सूनबाईंच्या बाटलीवर आहे."

"तेच. होकुसाईचं चित्र. त्या जातीच्या चित्रांना उकियो-ए म्हणतात. त्यातला शेवटचा 'ए' आणि इमोजीतला पहिला 'ए' हे एकच. आता इतकं खोलात गेलोच आहोत तर हेही सांगते, की हा 'ए' काय आणि 'मोजी' काय, दोन्ही उच्चार जपान्यांनी फार पूर्वी चिन्यांकडून घेतले. म्हणजे माहेर जपान, आजोळ चीन."

"आणि इमोशन?"

"त्याचं गोत्रच वेगळं. ते लॅटिन. 'हलवणं' या अर्थाच्या धातूला 'बाहेर' या अर्थाचा 'ए' लागला. सोळाव्या शतकात इंग्रजीत इमोशन म्हणजे लोकांमधली खळबळ, दंगाधोपा, असाही अर्थ होता. मनातली खळबळ हा अर्थ नंतर रुळला. म्हणजे बघा, इमोशनमधला 'ए' म्हणजे बाहेर, ईमेलमधला 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनिक आणि इमोजीतला 'इ' म्हणजे चित्र. तिघं शेजारी शेजारी राहतात, आडनावं सारखी वाटतात, पण सुतक एकमेकांचं लागत नाही."

काकूंना हे आवडलं. पण पूर्ण पटलं नव्हतं. "इतकं सारखं कसं असेल गं? काहीतरी असणारच आतून."

हा संशय सगळ्यांनाच येतो, आणि शब्दांच्या बाबतीत तो बऱ्याचदा फसवा निघतो. मी त्यांना 'बद' सांगितलं. बदनाम, बदसूर, बदफैली यातला बद हा फारसी, अर्थ वाईट. इंग्रजीत 'बॅड', अर्थ वाईट. उच्चार जवळपास तोच, अर्थ तोच आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. भाषेचा अभ्यास करणारे हे उदाहरण हमखास देतात. जगात इतक्या भाषा, प्रत्येकीत हजारो शब्द आणि तोंडातून निघणारे ध्वनी मात्र मोजकेच. कुठेतरी दोन अनोळखी शब्द एकसारखे दिसणारच.

"आणि याच्या उलटही होतं," मी म्हटलं. "तुमचे भाऊजी गणपतीत कराओके गातात."

"गातात म्हणू नकोस."

"कराओके ऐकायला कसं अस्सल जपानी वाटतं. पण त्यातला 'कारा' म्हणजे रिकामं एवढाच जपानी. 'ओके' हा ऑर्केस्ट्राचा तुकडा आहे. रिकामा वाद्यवृंद, म्हणजे गायकाविना. पूर्ण जपानी दिसणारा शब्द निम्मा परदेशी निघाला आणि निम्मा इंग्रजी दिसणारा इमोजी पूर्ण जपानी निघाला. दिसण्यावर जाऊ नये ते यासाठी."

काकूंचं म्हणणं, दिसण्यावर आपण कुठे जातो, आपण फक्त चौकशी करतो.

तर चौकशीचा पुढचा भाग. इमोशनच्या घरातला खरा वंशज कोण? आहे, तोही आहे. त्याचं नाव इमोटिकॉन. इमोशन आणि आयकॉन, म्हणजे भावना आणि चिन्ह, यांच्या जोडीतून १९८०च्या दशकात इंग्रजीत तयार झालेला शब्द. त्यामुळे मंडळाच्या बाईंचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न दुसरा होता.

या इमोटिकॉनची जन्मवेळ पत्रिका मांडता येईल इतकी नेमकी माहीत आहे. १९ सप्टेंबर १९८२, सकाळी ११ वाजून ४४ मिनिटं. गाव अमेरिकेतलं पिट्सबर्ग, घर कार्नेगी मेलन विद्यापीठ. तिथले संगणकाचे लोक आपसात एका सामायिक फलकावर निरोप लिहीत. एकाने लिफ्टबद्दल कोडं घातलं, की दोर तुटून लिफ्ट खाली येत असेल तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल. त्यावर दुसऱ्याने गमतीने जाहीर केलं, की अमुक लिफ्टमध्ये पारा सांडलाय, जपून. काहींनी ते खरंच मानलं.

"लिफ्टवरून गैरसमज? मग ती आपलीच सोसायटी," काकू म्हणाल्या. त्यांची धाकटी बहीण फ्लॅटमध्ये राहते.

मग चर्चा सुरू झाली, की विनोद केला तर तो विनोद आहे हे कळावं म्हणून काही खूण असावी का. त्यावर स्कॉट फाल्मन यांनी सुचवलं, की असं लिहा आणि आडवं वाचा :-) आणि जे विनोदी नाही त्याला तोंड पाडलेली खूण लावा. अपूर्णविराम, संयोगचिन्ह, कंस. छापखान्यात कधीपासून पडून असलेला माल. तो मूळ निरोप पुढे हरवला होता. २००२ मध्ये जुन्या चुंबकीय फितींवरून तो शोधून काढला गेला, म्हणून वेळ मिनिटासकट माहीत.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गंमत सांगितल्याशिवाय राहवेना. मराठीत विसर्ग देण्याऐवजी सर्रास इंग्रजी अपूर्णविराम ठोकतात, हे आम्ही जुळारी लोक रोज बघतो. एका गुरुजींनी अर्ज टाइप करून आणला होता, 'आमची शाळा (अंशत:) अनुदानित आहे'. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आणि लगेच कंस बंद. संगणकाने तत्परतेने त्याचा हसरा चेहरा केला. अनुदान अंशतः मिळतं हे सांगताना एवढं प्रसन्न हसू मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

काकू हसल्या, मग थांबून म्हणाल्या, "पण हे तर अमेरिकेत झालं. जपान कुठे आलं यात?"

जपानमध्येही तसंच चाललं होतं, स्वतंत्रपणे. १९८६ मध्ये तिथल्या एका संगणक-जाळ्यावर (^_^) अशी खूण आली. मान वाकडी करायला नको, चेहरा सरळ. अमेरिकन खुणेत तोंड बदलतं, कंस उलटा केला की रडू. जपानी खुणेत डोळे बदलतात. मला विचाराल तर जपान्यांचं जास्त बरोबर आहे. आपल्याकडच्या सासवाही तोंडाने हसून डोळ्यांनी बोलतात.

"माझ्याकडे बघून बोलू नकोस."

आणि या चेहऱ्यांना जपान्यांचा शब्द आहे काओमोजी. 'काओ' म्हणजे चेहरा. आता लक्षात घ्या, वादाचा निकाल इथेच लागतो. चेहऱ्यावरचे भाव दाखवणाऱ्या खुणांसाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आधीपासून आहे. इमोजी हा शब्द त्यांनी कसल्याही चित्रासाठी ठेवला. छत्री, आगगाडी, टेलिफोन, मेंढा.

"मेंढा कशाला?"

"मेष राशीचा."

खरोखरच राशी होत्या. १९९९च्या फेब्रुवारीत जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीने आय-मोड नावाची मोबाइलवरची इंटरनेट सेवा सुरू केली. त्यासाठी शिगेताका कुरिता या पंचविशीतल्या कर्मचाऱ्याच्या हाताखाली १७६ चिन्हं तयार झाली. प्रत्येक चिन्हाला आडवे १२ ठिपके आणि उभे १२ ठिपके, एवढीच जागा. १४४ ठिपक्यांत सूर्य बसवा, बीअरचा पेला बसवा. आपल्याकडे रांगोळीवाल्या बायकांनी हे काम डोळे मिटून केलं असतं. निरोपाला २५० अक्षरांची मर्यादा होती, त्यामुळे 'उद्या पाऊस' लिहिण्यापेक्षा छत्री काढणं सोयीचं. हवामान, वाहनं, खेळ, राशी, चंद्राच्या कला असा सगळा पसारा होता आणि चेहरे अगदी मोजके. कुरितांनी हवामानाच्या नकाशावरची चिन्हं, रस्त्यावरच्या पाट्या आणि जपानी चित्रकथांमधल्या खुणा यांच्यावरून कल्पना घेतली. चित्रकथेत माणूस घाबरला की कपाळावर घामाचा थेंब दाखवतात, तो थेंब आजही आपल्या फोनमध्ये आहे. ही १७६ चिन्हं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये आपल्या संग्रहात घेतली.

कुरितांना पहिलेपणाचा मान द्यायचा की नाही, यावर मात्र भाऊबंदकी आहे. १९९७ मध्येच जे-फोन कंपनीच्या एका फोनवर ९० चिन्हं होती, पण तो फोन फारसा खपला नाही. त्या ९० मध्ये एक होतं शेणाच्या पोसारखं गुंडाळलेलं, तेच, जे तुमचा नातू तुम्हाला पाठवतो.

"शी! मला वाटलं चॉकलेटचं आइस्क्रीम आहे. मी त्याला परत पाठवलं की मलापण आण म्हणून."

जपानीत नशिबाला 'उन' म्हणतात आणि त्या वस्तूला 'उन्को', म्हणून तिथे सोनेरी रंगाची ती वस्तू भाग्याची म्हणून खिशात बाळगतात. हे ऐकून काकूंना जरा बरं वाटलं.

पण मला काकूंना जे खरं सांगायचं होतं ते याच्याही मागचं. फोन नव्हते, वीज नव्हती, तेव्हाचं. चित्र काढून वाचायला लावण्याची जपान्यांची खोड जुनी. एदो काळात उत्तर जपानमधल्या नाम्बू भागात ज्यांना अक्षरं येत नसत त्यांच्यासाठी चित्रांची पंचांगं निघत. त्यांचं नाव एगोयोमी. पुन्हा तोच 'ए', चित्र. आणि तिथेच चित्रांतून वाचायचं एक बौद्ध सूत्र होतं. त्याची सुरुवात 'माका हान्न्या हारामिता' अशी. आता हे चित्रांत कसं लिहायचं? भात शिजवायच्या भांड्याला जपानीत 'कामा' म्हणतात. ते भांडं पालथं काढायचं. कामा पालथा घातला की झालं 'माका'. मग शिंगं असलेल्या राक्षसिणीचा मुखवटा, नाटकात वापरतात तो. त्याचं नाव 'हान्न्या'. मग पोट, म्हणजे 'हारा'. मग धान्य पाखडायचं सूप, ते 'मी'. मग भाताचं खाचर, ते 'ता'. शेतकऱ्याने चित्रं वरून खाली बघत म्हणायची, की सूत्र म्हटलं गेलं.

"वा!" काकू म्हणाल्या. "पण त्याचा अर्थ काय?"

"सावकाश म्हणा तुम्हीच. माका म्हणजे महा. हान्न्या म्हणजे प्रज्ञा. हारामिता म्हणजे पारमिता. महाप्रज्ञापारमिता. आपला संस्कृत शब्द चीनमार्गे जपानला गेला, तिथल्या जिभेवर असा झिजला."

काकू क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे प्रज्ञा लिहायला राक्षसीण काढायची? आमच्या मुख्याध्यापिका बाई आठवल्या."

भांडं, मुखवटा, पोट, सूप, खाचर. अर्थाशी एकाही चित्राचा संबंध नाही, चित्र फक्त उच्चारासाठी. म्हणून इमोजीची ही पणजी मला आजच्या इमोजीपेक्षा हुशार वाटते. आज आपण फुलासाठी फूल पाठवतो. त्यात डोकं कसलं आलंय?

"आणि संस्कृतावरूनच निघालंय म्हणून सांगते, जपानी बायका नवऱ्याला 'दान्ना' म्हणतात. ते आपल्या 'दान' शब्दावरून. मठाला दान देणारा तो दान्ना, मग पोसणारा, मग मालक, मग नवरा."

"आमच्याकडे दान एकदाच झालं," काकू म्हणाल्या, "आणि ते माझ्या वडिलांनी केलं. पुढे बोल."

पुढची गोष्ट माझ्या धंद्याची. डोकोमोची चिन्हं डोकोमोच्याच फोनवर दिसत. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बदाम पाठवला की तिकडे बदामाच्या जागी दोन जाड आडव्या रेघा उमटायच्या. या रेघांना ते 'गेता' म्हणतात. गेता म्हणजे त्यांच्या लाकडी खडावा. जुन्या छापखान्यात एखादा खिळा कमी पडला की जुळारी त्या जागी दुसराच खिळा उलटा बसवायचा, मग त्याच्या बुडाचा ठसा उमटायचा, दोन रेघा, खडावांच्या दातांसारखा. शिशाचे खिळे गेले, ठसा राहिला. मुलाने मुलीला बदाम पाठवावा आणि तिला खडावा मिळाव्यात, असं बरेच दिवस चाललं.

बदामाचं महत्त्व कंपनीला कळलेलं होतं. आधी पेजरच्या जमान्यात डोकोमोने बदामाची खूण दिली होती. नंतरच्या व्यवसायवाल्या पेजरवरून ती काढली, तेव्हा तरुण पोरं दुसऱ्या कंपनीकडे निघून गेली, असं कुरितांनीच मुलाखतींमध्ये सांगितलंय.

हा खडावांचा घोळ मिटवायला युनिकोड लागलं. गूगल आणि ॲपलमधल्या लोकांनी प्रस्ताव दिले आणि ऑक्टोबर २०१०च्या युनिकोड ६.० मध्ये जपानी इमोजी अधिकृतपणे शिरले. काकूंना युनिकोड समजावणं मला सोपं गेलं, कारण त्यांनी माझ्याकडचा जुना काळ पाहिलाय. मराठीचा प्रत्येक फॉन्टवाला आपापली बाराखडी आपापल्या घरात लपवून ठेवायचा. माझ्याकडे जुळवलेली लग्नपत्रिका दुसरीकडे उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, टक्के आणि डॉलर. जपान्यांकडे या प्रकाराला नेमका शब्द आहे, मोजिबाके. मोजी तेच, अक्षर. 'बाके' म्हणजे रूप पालटणं, जसं भुतं पालटतात.

"अक्षराला भूत लागलं!" काकू म्हणाल्या. "हा शब्द डब्याच्या लायकीचा आहे."

युनिकोडने ठरवलं, की जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक, सगळीकडे तोच. देवनागरी त्यात १९९१ पासून, पहिल्याच आवृत्तीपासून आहे. इमोजी मागून आले. आणि मागून येऊन आपलीच एक वस्तू वापरायला लागले, हे फार थोड्यांना माहीत आहे.

आपल्याकडे 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत फरक आहे. एकात व्याख्यान होतं, दुसऱ्यात जेवण. 'आचाऱ्यांना' मधला तो अर्धा र, डोळ्याच्या पापणीसारखा, मराठीला हवाच. सुरुवातीच्या दिवसांत तो उमटवायला र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह टाकावं लागायचं. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर, ज्याची रुंदी शून्य आणि काम शेजारच्या अक्षरांना जोडायचं. आता नुक्त्याचा ऱ वापरून काम होतं. पण ते अदृश्य चिन्ह युनिकोडमध्ये आपल्यासारख्या आणि अरबीसारख्या लिप्यांसाठी होतं. इमोजीवाल्यांनी तेच उचललं. आई, बाबा, मुलगी, मुलगा असं एकत्र कुटुंब फोनवर दिसतं ना, ते एक चित्र नाहीच. ती चार वेगळी माणसं आहेत आणि मधे मधे हा जॉइनर बसलाय. जुन्या फोनला जॉइनर कळत नाही, मग तिथे चौघं सुटे सुटे उभे दिसतात.

"म्हणजे एकत्र कुटुंब नव्या फोनवर आणि विभक्त जुन्या फोनवर? उलटंच आहे सगळं," काकू म्हणाल्या.

इंग्रजीत इमोजी हा शब्द १९९७ पासून सापडतो, पण तेव्हा तो जपानबद्दलच्या बातम्यांमध्ये असायचा. २०११ मध्ये आयफोनवर सगळ्यांना इमोजीचा कीबोर्ड मिळाला आणि मग शब्द घरोघरी गेला. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात त्याची नोंद झाली. २०१५ मध्ये तर ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून शब्दच निवडला नाही, आनंदाश्रू ढाळणारा चेहरा निवडला.

आणि बिचारा इमोटिकॉन? तो घरचा, वारस, इमोशनचा सख्खा. त्याला आता कोण विचारतं? माझं मत विचाराल तर इमोजीला इंग्रजीत घर मिळालं ते या खोट्या नात्यामुळेच. ऐकणाऱ्याला इमोशन ऐकू आलं, इमोटिकॉनची ओळख होतीच, त्यामुळे कुणी 'कुठली गं तू' असं विचारलंच नाही. हीच चिन्हं एगोयोमी नावाने आली असती तर दारातच अडली असती. आणि एकदा भावनांच्या घरात शिरल्यावर ती भावनांचीच झाली. मूळच्या १७६ मध्ये चेहरे मूठभर होते, आज लोक इमोजी म्हटलं की चेहराच समजतात. फ्रेंचांनी मात्र दार लावून बघितलं. त्यांच्या सरकारने हसऱ्या खुणांसाठी 'फ्रिमूस' म्हणजे गोंडस मुखडा असा शब्द काढला. लोक तिकडेही इमोजीच म्हणतात.

आपल्याकडे काही जण इमोजीला 'भावचिन्ह' म्हणतात. इमोटिकॉनसाठी तो शब्द चोख आहे. इमोजीसाठी म्हणजे मंडळाच्या चिठ्ठीवरचंच उत्तर. २०१९ मध्ये युनिकोडमध्ये साडी आली, पणती आली, रिक्षा आली, देऊळ आलं. मी काकूंना विचारलं, साडी ही काय भावना आहे?

"आहे," काकू म्हणाल्या. "पैठणी तर आहेच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विषय व्याकरणाकडे नेला, कारण माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात कुणी 'तो इमोजी' लिहितं, कुणी 'ती', कुणी 'ते', आणि मीही आतापर्यंत तिन्ही करून बसलेय. दीर्घ ईकारान्तावरून काही ठरत नाही. तो मोती, ती पोळी, ते दही. जपानीला विचारून उपयोग नाही, तिथे नामाला लिंगही नाही आणि अनेकवचनाचं रूपही नाही. त्यामुळे इंग्रजीवाले अजून भांडतात, की अनेकवचनाला 'एस' लावायचा की नाही.

काकूंनी परडी उचलली. "त्यात भांडायचं काय? ती इमोजी, त्या इमोज्या. मी सूनबाईंना रोज सांगते, निरोपात दोन इमोज्या कमी टाक आणि दोन शब्द जास्त लिही."

माझ्यासारख्या जुळाऱ्यांना आणि मुद्रितशोधकांना म्हणून हीच विनंती. पहिला इ ऱ्हस्व ठेवा, ईमेलची ई त्याला लावू नका, तो 'ई' वेगळा. एक इमोजी, अनेक इमोज्या, चौथीत इमोजीला. भावचिन्ह हा शब्द इमोटिकॉनसाठी राखून ठेवा. मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर चित्राक्षर म्हणा. जपानी लोकही तेच म्हणतात.